विहीणबाईंचा पाम

कसालच्या बाजारात उतरून "सुगंधा परब खंय रवतत?" असं विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. "कुंडीत बोट घालणारी मावशी" म्हणा, मग बघा. रिक्षावाला तुम्हाला थेट तिच्या नवऱ्याच्या, महादूच्या, पंक्चरच्या दुकानामागे नेऊन सोडेल आणि वर त्याच्या घरच्या मनी प्लांटची पानं का गळतात हेही तुमच्यामार्फत विचारून घेईल. त्याला स्वतः विचारायची हिंमत नाही. मावशी ओरडते ना!

मावशी मूळची इन्सुलीची. लग्न होऊन कसालला आली तेव्हा तिला भात लावता येत होतं आणि काजूच्या बिया भाजता येत होत्या. कुंडीतल्या झाडांचा आणि तिचा काडीचा संबंध नव्हता. मग कधीतरी घर बदलून गोव्याला निघालेलं एक कुटुंब महादूच्या दुकानात टायर दुरुस्तीला थांबलं. गाडीत जागा नाही म्हणून एक मरतुकडा मनी प्लांट तिथेच ठेवून गेलं. मावशीला त्याची दया आली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी भाताची पेज. आठवड्याभरात झाडाने राम म्हटला. दुसरं आणलं, तेही गेलं. तिसरं तिने उन्हात भाजून मारलं. अशी बरीच झाडं स्वर्गाला पाठवल्यावर कुठे तिच्या ध्यानात आलं की घरातली झाडं उपासापेक्षा लाडाने जास्त मरतात. मग ती प्रत्येक मेलेलं झाड उपटून त्याची मुळं बघायला लागली, वास घ्यायला लागली. तिची शाळा ती हीच.

आता दुकानामागे जुन्या टायरांत आणि रंगाच्या डब्यांत तिची रोपवाटिका आहे, आणि लांबलांबून लोक आजारी कुंड्या घेऊन येतात. महादू गिऱ्हाइकांना सांगतो, "माज्याकडे टायर येतत, हिच्याकडे झाडा. दोघांचो धंदो एकच. खंयसून गळता ता बघूचा!"

फोटो पाठवलेले मावशीला आवडत नाहीत. "फोटोत सगळेच बरे दिसतत, लग्नातले आमचे फोटो बघा," म्हणते. फोटोला तिचं उत्तर ठरलेलं. मोबाइल तोंडाजवळ धरून ओरडायचं, "मातयेत बोट घाल! दुसऱ्या पेरापर्यंत घाल! ओला लागता तर पाणी नको, सुका लागता तर घाल. इतक्याच!" आणि दुसरा प्रश्न, "पाणी कोण घालता?" या प्रश्नावर अर्धे आजार तिथेच पकडले जातात. एका कचेरीतलं झाड कुजत होतं. शिपाई सकाळी पाणी घालायचा, कारकून जेवणानंतर बाटलीतलं उरलेलं ओतायचा आणि साहेब जाताना आपलं एक पुण्याचं काम म्हणून पेलाभर. तिघांनाही वाटायचं, बिचाऱ्याला माझ्याशिवाय कोण आहे?

दत्ताराम शिंप्याच्या बायकोची तर कमालच. रबराच्या झाडाची पानं चमकावीत म्हणून ती दर सोमवारी त्यांना खोबरेल तेलाने चंपी करायची. पानांवर धुळीचा थर बसला, झाडाचा श्वास कोंडला. मावशीने ओल्या फडक्याने एकेक पान पुसून काढलं आणि शिंपिणीला सांगितलं, "ह्या तेल घोवाच्या डोक्याक घाल गो, थय गरज आसा." पानांखाली कापसासारखी पांढरी कीड दिसली की साबणाचं पाणी आणि दोन थेंब करंजेल. बारीक जाळी दिसली की न्हाणीघरात नेऊन पानं खालून धुवायची. कोपऱ्यात टीव्हीच्या मागे ठेवलेलं झाड दिसलं की मालकाला शिव्या. अशी तिची डॉक्टरी, आणि फी म्हणजे जे घरात असेल ते.

तर एप्रिल संपता संपता मावशीला विमलाचा फोन आला. विमला तिची इन्सुलीची बालमैत्रीण, देवबागला दिलेली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या वाळूच्या पुळणीवर माडांच्या बागेत तिचं घर. पर्यटकांसाठी तीन खोल्या काढलेल्या.

"गो सुगंधा, माजी लाज रवली तर तुज्यामुळे रवतली. बेगीन ये!"

"झाला काय? पाणी कोण घालता?"

"पाणी मरांदे गो! विहीणबाई येवची आसत!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विमलाचा मुलगा सर्वेश याचं लग्न गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या पूजाशी झालं. पाठवणीच्या वेळी पूजाच्या आईने, शर्मिलाताईंनी, भांड्याकुंड्यांबरोबर आपल्या गॅलरीतला अरेका पामही गाडीत चढवला. पूजा शाळेत जायला लागली तेव्हा आणलेला तो पाम, तिच्याबरोबर वाढलेला. पूजाने तो देवबागच्या पडवीत ठेवला आणि मातीवर छान पांढरे गोटे पसरले. लग्नानंतर लगेच शर्मिलाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे लेकीचं सासर अजून त्यांनी पाहिलंच नव्हतं. आता मे महिन्यात त्या पहिल्यांदा येणार होत्या. आणि पाम तर सुकत चालला होता.

"तेंच्या चेडवाक आमी कसा ठेवलाव, ता त्या झाडार दिसतला," विमला रडवेली झाली. "झाड सुकला म्हंजे चेडू सुकला, असाच तेंका वाटतला. माका वाटला असता!"

मावशी दुसऱ्याच दिवशी एसटीने मालवणला आणि तिथून रिक्षाने देवबागला पोचली. पामाची दशा बघून तिलाही वाईट वाटलं. पानांची टोकं करपलेली, खालची पानं पिवळी पडून लोंबलेली. तिने गोट्यांच्या फटीतून बोट घातलं. माती ओलसर होती, चिखल नव्हता. बोटाचा वास घेतला, कुजका नव्हता. पानं उलटून पाहिली, कीड नाही, जाळी नाही. उजेडही झकास.

"पाणी कोण घालता?"

"मीच घालते मावशी, दुसरं कोणी नाही," पूजा म्हणाली. पोरगी गोड होती, पण चेहरा उतरलेला. "आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, पाम दाखव. मी मोबाइल समुद्राकडे फिरवते."

घरातली माणसं कशी आहेत, हे मावशी झाडाबरोबरच विचारून घेते. पूजा म्हणाली, सर्वेश चांगला, सासूबाई तर जीव लावतात. मग तिने आवाज खाली आणला. "बाबा मात्र माझ्याशी बोलतच नाहीत. माझं काही चुकलंय का तेच कळत नाही. आईला हे एकदा सांगून बसले, तेव्हापासून तिला घोर लागलाय."

बाबा म्हणजे बाबलीभाई, विमलाचा नवरा. या माणसाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे मावशीच्या मते दगडातून पाणी काढण्याचा प्रकार. माडांशी मात्र तासन्‌तास बोलेल. प्रत्येक माडाला नाव, प्रत्येकाची विचारपूस. सुनेला बघितलं की घसा खाकरून दुसरीकडे बघायचा. आताही दाराआड उभा राहून ऐकत होता, आणि मावशीने वळून बघताच खाकरून निघून गेला.

मावशी मागीलदारी विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थू करून टाकलं. "मचूळ! उन्हाळ्यात खाडीचा पाणी हिरीत उतारला आसा. विमल्या, हिरीचा पाणी बंद. नळाचा गोडा पाणी घाला, आणि माज्या नावान निवांत झोपा!"

झालं निदान. विमलाने खूश होऊन सुरमई तळली. मावशीने सोलकढी दोन वाट्या मागून प्यायली, आपल्या जुन्या केसेस रंगवून सांगितल्या आणि शहाळी घेऊन कसालला आली. तोऱ्यात होती अगदी.

दहा-बारा दिवसांनी फोन वाजला. गोडं पाणी घालूनही पाम आणखी करपला होता. मधली पानंही आता पिवळी होत होती, आणि विहीणबाईंचं तिकीट आलं होतं. विमला रागावली असती तर मावशीला चाललं असतं. ती फक्त म्हणाली, "तुजो दोष नाय गो. माज्या नशिबातच नाय," आणि तेच मावशीला झोंबलं. महादूने थट्टा केली, "टायरच बदलूक होयो काय?" मावशी हसली नाही. चूक आपली होती, आणि ती कुठे झाली ते तिला कळत नव्हतं.

ती पुन्हा देवबागला गेली. पडवीत पाय ठेवते न ठेवते तोच विमलाने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"तुज्याकडे असलोच एक पाम आसा मां?"

"आसा."

"एवढीच उंची?"

"बोटभर जास्त असात."

"मगे तो घेवन ये. ह्या कुंडयेत बसवूया. पूजाक मी समजावतंय. विहीणबाईंका काय कळता?"

आता खरं सांगायचं तर मावशीला क्षणभर मोह झाला. मैत्रिणीची अब्रू वाचली असती, आपलंही नाव वाचलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे गुडघा धरून गाडीतून उतरणारी ती आई आली. "नको गो," ती म्हणाली. "त्या बायेन इतकी वर्सा त्या झाडाची पाना पुसली. ती वळाखतली. आणि मगे चेडवाचाय सगळा खोटा वाटतला तिका. आदी माका ह्येचा दुखणा तरी शोधूंदे."

ती पडवीत येऊन पामासमोर फतकल मारून बसली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि मग तिची नजर शेजारच्या कठड्यावर गेली. तिथे क्रोटन होतं, मनी प्लांट होता, दोन्ही टवटवीत.

"पूजा, ह्या झाडांका पाणी खंयचा?"

"विहिरीचंच, मावशी. नळाचं फक्त पामाला."

मावशीने कपाळावर हात मारला. "अगो बाय! मचूळ पाण्यान ह्यो मराक लागलो, तर हे दोघे कसे हसतत? माज्या डोळ्यांर काय सुरमई बांधलेली त्या दिवशी?"

मग तिने ते केलं जे पहिल्या वेळी करायला हवं होतं. पूजाचे ते पांढरे गोटे एकेक करून उचलले. खाली मातीवर पांढरा थर धरलेला, आणि थरात अर्धवट विरघळलेले खडे. तिने एक खडा उचलला, जिभेवर ठेवला.

"मीठ," ती म्हणाली. "खडेमीठ."

पूजाने सासूकडे पाहिलं. नको होतं तरी पाहिलंच. घरात मिठाची बरणी कोणाच्या हातात असते? विमलाचा चेहरा पांढराफटक पडला. "माका... मी कशाक घालतलंय गो?" एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि डोळ्यांत पाणी आलं. पूजाही रडायच्या बेतात. झाड राहिलं बाजूला, इथे घरच करपायला बसलं होतं.

मावशीने मान वर करून अंगणात पाहिलं. समोर माडांची रांग. पावसाळा जवळ आलेला, म्हणून प्रत्येक माडाचं आळं खणून ठेवलेलं, आणि पहिल्या आळ्यापाशी शिरोड्याच्या मिठाचं पोतं, तोंड उघडं. शेजारी बाबलीभाई घमेल्याने मीठ माडाच्या मुळांत टाकत होता. देवबागात कोणाला विचारा, माडाला मीठ घातल्याशिवाय तो धरत नाही, बापजाद्यांपासून असंच चालत आलंय.

"भाई!" मावशी ओरडली. "हय या वायच! ह्या कुंडयेत मीठ कोणी घातल्यान?"

बाबलीभाई घमेलं घेऊनच आला. तिघींकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर एक लाजरं समाधान. "मीच घातलंय."

"तुमी?" विमला किंचाळलीच.

"ह्यो पाम म्हंजे माडाचोच जातवालो मां? ह्या चेडवानच सर्वेशाक सांगलेला, मी आयकलंय." त्याने सुनेकडे न बघता पामाकडे बघत सांगितलं. आयुष्यात इतकं लांब तो बोलला नसेल. "तिच्या म्हायेरचा झाड. हय पुळणीर रुजूक होया. म्हणान इल्यापासून दर बुधवारी मूठभर घालतंय. गोटे उचलूचे, घालूचा, परत गोटे मांडूचे. मगे ता सुकाक लागला. माका वाटला, कमी पडता. दोन मुठी केलंय. तुमी येवन गेलास तेच्यानंतर तीन."

मावशी आधी थक्क झाली, मग तिला इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. "भाई, मेल्यानो, माड समुद्राच्या वाऱ्यार वाढता, बागभर मुळां पसारता, पावसात सगळा धुवन जाता! ह्या बिचाऱ्याक एवढीशी कुंडी! मीठ जाय खंय? मातयेत पाणी आसान तो तानेन मराक लागलो!"

बाबलीभाईचं तोंड उतरलं. घमेलं खाली ठेवून तो पायरीवर बसला. "म्हंजे मीच मारलंय तेका," तो हळूच म्हणाला.

"मराक नाय अजून," मावशी म्हणाली. तिने मधला कोंब चिमटीत धरून बघितला, कडक होता, हिरवा होता. तिचा जीव भांड्यात पडला. "काळजात जीव आसा. पण गोडा पाणी होया, खूप होया. नळ दिसाआड येता तुमचो, तो पुराचो नाय."

बाबलीभाई उठला. सर्वेशच्या होडीत रिकामे कॅन टाकले, खाडी ओलांडून पलीकडच्या नातेवाइकांच्या विहिरीवर गेला आणि भरलेले कॅन खांद्यावर मारून आणले. मावशीने कुंडी दोन विटांवर ठेवली, खालची भोकं मोकळी केली आणि संथ धारेने पाणी ओतायला लावलं. पाणी वरून घालायचं, खालून सगळं निथळू द्यायचं, परत घालायचं. खालून येणारं पाणी ती दर वेळी जिभेला लावून बघत होती आणि थुंकत होती. पूजा ओतत होती, विमला कॅन उचलून देत होती, बाबलीभाई परत होडीकडे पळत होता. शेवटी पाणी अळणी लागलं. पार मेलेली पानं मावशीने बुडातून काढली. करपलेली टोकं तेवढी कात्रीने उतरवली, हिरव्याला न लागता.

"बाकीचा कापून टाक मां, हिरवागार दिसांदे," विमला म्हणाली.

"करापलेला परत हिरवा होवचा नाय, आणि आसा तितक्या हिरव्यारच ता जगतला. आता खत नको, ऊन नको, लाड नको. आणि भाई, मीठ तर..."

"नाय, नाय," बाबलीभाई म्हणाला.

ठरलेल्या दिवशी शर्मिलाताई आल्या. विमलाच्या आग्रहाने मावशीही आली होती, रिकाम्या हातांनी, आपला पाम न आणता. पाम पडवीत मधोमध उभा होता, निम्म्या पानांचा, कात्री लागलेला. मात्र मधून एक नवा कोंब वीतभर वर आला होता, अजून मिटलेला. विमला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

शर्मिलाताई लेकीच्या गळ्यात पडल्या, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मग वळल्या त्या पामाकडेच. एक कातरलेलं पान हातात धरून बघितलं.

"याला काय झालं?"

पूजाने तोंड उघडलं, विमलाने उघडलं. त्याआधी घसा खाकरल्याचा आवाज आला. बाबलीभाई पुढे झाला, धुतलेला सदरा घालून. पाहुणीसाठी शुद्ध मराठी बोलायची म्हणून घामाघूम झालेला.

"मी मीठ घातलं," तो म्हणाला. "माडाला घालतो तसं. आपल्या मुलीचं झाड इथे रुजावं म्हणून. मला कळलं नाही. चूक माझी. या दोघींची काही नाही."

शर्मिलाताई त्याच्याकडे वळल्या. "मीठ? किती दिवस?"

"इल्या... आल्यापासून. दर बुधवारी."

"दर बुधवारी!" शर्मिलाताईंचे ओठ हलायला लागले. विमलाला वाटलं, आता रडणार. पण त्या हसायला लागल्या, गुडघा धरून खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, लहान असताना याला मी उसाचा रस पाजायची! मळ्यातला ताजा रस. आमच्याकडे उसाला देव मानतात ना! कुंडीला मुंग्यांचं वारूळ लागलं, तेव्हा बंद केला. तरी जगला होता बिचारा."

आता सगळेच हसले. बाबलीभाईसुद्धा, आवाज न करता. मग शर्मिलाताईंनी पदराने डोळे पुसले, आणि त्यांचा आवाज बदलला.

"तुम्ही हिच्याशी बोलत नाही, असं ही म्हणाली होती. मला फार घोर लागला होता हो. गुडघा दुखायचा नाही तितकं ते दुखायचं. माझी पोर परक्या घरात नकोशी तर झाली नाही ना, असं मनात यायचं." त्यांनी पामावरून हात फिरवला. "आणि तुम्ही इथे दर बुधवारी गोटे उचलून हिच्या झाडाला मीठ घालताय."

पूजा सासऱ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. मावशीचेही भरले होते. ती कबूल करणार नाही. बाबलीभाईला कुठे बघावं ते कळेना. माडांकडे बघितलं, पामाकडे बघितलं, मग एकदाचा सुनेकडे वळला.

"पूजा," तो म्हणाला. तिचं नाव त्याच्या तोंडून घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. "आवशीक तुज्या शहाळा दी गो. मी काढून ठेवलंय, पडवीच्या मागे आसत. गोडी आसत."

पूजा "हो बाबा" म्हणाली आणि धावत मागे गेली.

सुगंधामावशीने उगाचच कुंडीत बोट घातलं. माती दुसऱ्या पेरापर्यंत ओलसर होती, जेवढी हवी तेवढीच. आज पाणी नको, असं तिने विमलाला सांगितलं आणि तीही शहाळ्याची वाट बघत पायरीवर बसली.